यूट्यूब बघून जपानची सहल आखताय? मग या चुका टाळा

निघण्यापूर्वी माझ्या 'नंतर पाहा'च्या यादीत साठेक व्हिडिओ साठले होते. तयारी जय्यत झाली, असं मी घरभर सांगत होतो. क्योटोतल्या दुसऱ्याच दुपारी आईनं उडोन नूडल्सचा वाडगा हलकेच बाजूला सारला आणि म्हणाली, "अरे, याला माशाचा वास येतोय."

येणारच होता. त्या दुकानाचं नाव मी एका 'शाकाहारी जपान' व्हिडिओतून उचललं होतं. वाडग्यात मटणाचा तुकडा नव्हता, मासळीही नव्हती. होती ती दाशी. वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस गरम पाण्यात मुरवून, बऱ्याचदा सोबत कोम्बू हे समुद्री शेवाळ घालून काढलेला हा अर्क. मिसो सूप, उडोन-सोबाचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, अगदी अंड्याच्या गुंडाळीतही तो असतो. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कॅमेऱ्यातही येत नाही. व्हिडिओवाला खोटं बोलत नव्हता. त्याच्या शाकाहारात दाशी बसत होती, आईच्या बसत नव्हती.

त्यामुळे 'व्हेज आहे का?' असं विचारू नका. 'कात्सुओ दाशी हाइत्ते इमासु का?' म्हणजे 'यात बोनिटोची दाशी आहे का?' हे वाक्य फोनमध्ये जपानी लिपीत साठवून ठेवा आणि ऑर्डरच्या आधी दाखवा. व्हिडिओ शोधताना 'व्हेजिटेरियन'ऐवजी 'शोजिन र्‍योरी' शोधा. हे बौद्ध मठांतलं जेवण. त्यात मांस-मासे नसतात आणि परंपरेनं कांदा-लसूणही नसतो. कांदा-लसूण टाळणाऱ्यांना मोठा दिलासा. ते खायला आम्ही कोयासान या डोंगरातल्या मठांच्या गावी गेलो. ओसाकातल्या नांबा स्थानकावरून नानकाई रेल्वे आणि शेवटी केबल कार, मठातच मुक्काम. तिथल्या विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, 2015 मध्ये बसवलेला. माझ्या साठ व्हिडिओंपैकी एकातही तो नव्हता. परदेशी यूट्यूबर त्याच्यासमोर थांबणार तरी कशाला? आपण मात्र थांबतो.

दुसरी चूक तारखेची, आणि खिशाला सगळ्यात जास्त हीच लागते. 'जपानला जाताय? आधी जेआर पास घ्या' असं छातीठोक सांगणारे व्हिडिओ अजून धो धो चालतात. जेआर पास म्हणजे पर्यटकांसाठीचा, ठरावीक दिवस रेल्वेनं हवं तितकं फिरायचा पास. ऑक्टोबर 2023 पूर्वी सात दिवसांचा साधा पास 29,650 येनना मिळायचा आणि टोकियो-क्योटो जाऊन येऊनच जवळपास वसूल व्हायचा. मग तो एकदम 50,000 येन झाला. टोकियो-क्योटोचं एकेरी भाडं साधारण 14,000 येन, म्हणजे जाऊन-येऊन 28,000. हिशेब पाटीवर मांडला तरी कळतो की नेहमीच्या टोकियो-क्योटो-ओसाका सहलीत पास अंगावर येतो. शोधनिकालात तारखेची गाळणी लावा, आणि पैशांचा आकडा व्हिडिओतून कधीच घेऊ नका. तो रेल्वेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या.

चेरीच्या फुलांचंही तेच. 2023 मध्ये टोकियोत 14 मार्चलाच बहर सुरू झाला. 2024 मध्ये त्यासाठी 29 मार्च उजाडला. एका वर्षाचा व्हिडिओ बघून पुढच्या वर्षीची तिकिटं काढणारे ओक्याबोक्या फांद्यांचे फोटो घेऊन परततात. तिकिटं आधीच काढून झाली असतील आणि बहर चुकणार असं दिसत असेल, तर टोकियोवर अडून बसू नका. बहर उशिरा असेल तर दक्षिणेला उतरा, ओसरला असेल तर उत्तरेला तोहोकूकडे सरका.

तिसरी गोष्ट व्हिडिओतल्या माणसाच्या पासपोर्टची आणि फोनची. अमेरिकन यूट्यूबर पर्यटक व्हिसाबद्दल चकार शब्द काढत नाही, कारण थोड्या दिवसांच्या सहलीला त्याला तो लागत नाही. आपल्याला लागतो. ई-व्हिसा असेल तर तो विमानतळावर इंटरनेट चालू ठेवून फोनवर दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट किंवा छापील प्रत चालत नाही. तेव्हा उतरल्या उतरल्या डेटा चालेल याची सोय इथूनच करा. 'फोनमध्ये सुइका टाका आणि टप टप करत फिरा' हा सल्लाही तसाच. सुइका म्हणजे आधी पैसे भरून रेल्वे-बसला वापरायचं कार्ड. भारतात घेतलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये सुइका चालत नाही. प्लास्टिकचं कार्ड घ्या, स्टेशनातल्या यंत्रात रोख येन भरा, विषय संपला.

बॅगांचं म्हणाल तर निघण्यापूर्वी टेप घेऊन बसा. लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज 160 सेंटिमीटरच्या वर गेली तर तोकाइदो शिंकान्सेनमध्ये, म्हणजे टोकियो-ओसाका बुलेट ट्रेनमध्ये, मोठ्या सामानाच्या जागेसह आसन आधी राखावं लागतं, नाहीतर 1,000 येन भरावे लागतात. व्हिडिओवाला एकटा, पाठीवर सॅक. आपण चौघं, शिवाय परतीला भरलेल्या बॅगा.

टोकियोजवळच्या घिबली या ॲनिमेशन स्टुडिओच्या संग्रहालयाची पुढच्या महिन्याची तिकिटं दर महिन्याच्या 10 तारखेला सकाळी दहाला सुटतात. ते दहा जपानचे. आपल्याकडे तेव्हा साडेसहा वाजलेले असतात. चहा पिऊन निवांत बसाल तर हातात काही लागणार नाही.

क्योटोतल्या फुशिमी इनारी देवस्थानाच्या लाल तोरणांखाली चिटपाखरू नसलेला व्हिडिओ पाहिलात तर तो उजाडता उजाडता घेतलाय असं समजा. दहा वाजता तिथं आषाढी असते. खरी गर्दी आणि खऱ्या पायऱ्या बघायच्या तर निवेदन नसलेले, नुसतं चालत जाणारे लांबलचक व्हिडिओ पाहा. ठिकाणाचं जपानी लिपीतलं नाव नकाशावरून उचलून शोधचौकटीत चिकटवलं की स्थानिकांनी घेतलेलेही सापडतात. आईच्या गुडघ्यांसाठी मी हे आधी करायला हवं होतं.

आता स्वतः व्हिडिओ टाकणाऱ्यांसाठी. क्योटोच्या गिऑनमधल्या खासगी गल्ल्यांत शिरलात तर 10,000 येन दंडाच्या पाट्या आहेत; गेइको-माइकोंच्या, म्हणजे क्योटोतल्या गेइशा आणि शिकाऊ गेइशांच्या मागे कॅमेरा घेऊन धावणाऱ्या पर्यटकांची ती कमाई. फुजिकावागुचिकोत एका दुकानामागे फुजी दिसतो म्हणून इतकी झुंबड उडाली की 2024 च्या मे महिन्यात गावानं तिथं अडीच मीटर उंच काळी जाळीच उभारली. 'छोटा ड्रोन आहे, चालतो' हाही गैरसमज. भारतात 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो गटात मोडतो, जपानमध्ये मात्र 100 ग्रॅमपासून नोंदणी लागते आणि दाट वस्तीवर उडवायला वेगळी परवानगी. अनोळखी चेहरे, विशेषतः लहान मुलांचे, धूसर करा. जपानी यूट्यूबर बघा, मागून चालणाऱ्यांचेही चेहरे पुसतात. ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम झऱ्यांच्या सार्वजनिक स्नानगृहात, फोन बाहेरच ठेवा.

व्हिडिओच्या माहितीत पहिल्याच ओळीत चित्रीकरणाचा महिना, वर्ष आणि वेळ लिहा. मी आमच्या व्हिडिओत तेवढं केलंय. आईनं वाडगा सारला ते दृश्यही कापलं नाही. खाली पट्टी टाकलीय, 'यात मासा आहे'.