आंबे बहारात पंप उचलायच्या आधी फुलावर कोण बसलंय ते बघा

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, मोहोळ, सगळीकडं आंबे बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारी, डाळिंबं फुलोऱ्यात आलीयत किंवा येतायत, करडई पिवळी झालीय, कुणाचा बियाण्याचा कांदा गोंड्यावर आलाय, कुणी कलिंगड लावलंय. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी हा मधमाशीचा ऐन कामाचा टाइम आणि नेमका हाच आपल्या फवारणीचा पण टाइम, सगळा घोळ इथंच होतो.

डाळिंबाला दोन प्रकारची फुलं येतात, खाली निमुळती असलेली नर फुलं गळून जातात आणि बुडाला फुगीर असतात त्यांचं फळ होतं. माशीशिवाय पण थोडंफार सेटिंग, म्हणजे फळधारणा, होतं, पण माश्या या फुलावरून त्या फुलावर फिरल्या की ते वाढतं. कलिंगडाचं त्याहून अवघड, मादी फूल एकच दिवस उघडतं, ते पण सकाळचे काही तास, तेवढ्यात पुरेशा माश्या नाही आल्या तर फळ गळतं नाहीतर वाकडं होतं आणि मग आपण टॉनिक शोधत दुकानात जातो.

आता मुद्द्याचं. बरेच जण म्हणतात फवारलं तरी झाडाखाली मेलेल्या माश्या दिसत नाहीत, मग कसलं नुकसान? डेव्ह गुलसन नावाचे इंग्लंडचे पर्यावरणशास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या टीमनं 2012 साली हेच तपासलं. बंबलबी म्हणजे मोठी केसाळ माशी, तिच्या वसाहतींना दोन आठवडे इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक दिलं, तेही शेतातल्या फुलांत सापडतं तेवढंच कमी, आणि मग सहा आठवडे त्यांना बाहेर मोकळं सोडलं. वसाहती मेल्या नाहीत, पण वाढल्या कमी आणि नवीन राण्या तब्बल 85 टक्के कमी निघाल्या. राणी नाही म्हणजे पुढच्या वर्षी पोळं नाही. बंबलबी आपल्या सोलापुरात नसते, ती हिमालयातली, पण औषध तेच आहे जे आपण ठिबकातून सोडतो. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मधमाश्यांच्या पाठीवर बारीक चिप लावून बघितलं, थायामेथोक्झाम या त्याच गटातल्या कीटकनाशकाचा हलका डोस पोटात गेलेल्या बऱ्याच माश्या पोळ्यापर्यंत परतल्याच नाहीत. मग झाडाखाली काय दिसणार? युरोपनं 2018 मध्ये इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, क्लोथियानिडिन ही तिन्ही उघड्या शेतात वापरायला बंद केली ती उगाच नाही.

ही औषधं आंतरप्रवाही आहेत, मुळातून दिली तरी रसातून परागात आणि फुलातल्या मधात उतरतात. म्हणून फुलोरा तोंडावर असताना ड्रेंचिंग करून, म्हणजे मुळाशी औषध ओतून, "मी फुलावर मारलंच नाही" म्हणण्यात अर्थ नाही. बांधावरच्या रानफुलांत पण ती सापडलीयत, गुलसन यांच्याच टीमनं 2015 मध्ये दाखवलंय.

डब्यावरच्या त्रिकोणाच्या रंगावर जाऊ नका, तो माणूस-जनावराला किती विषारी एवढंच सांगतो. स्पिनोसॅड हे कीटकनाशक माणसाला कमी घातक, पण ओलं असेपर्यंत माशीला एकदम जड, सुकलं की धोका बराच कमी होतो. म्हणून फुलात फवारायचंच असेल तर माश्या परतल्यावर, दिवस मावळताना, आणि सकाळी आठ-नऊला ब्लोअर घेऊन तर अजिबात नको. पण त्याआधी दहा-पंधरा झाडांची फुलं पांढऱ्या कागदावर झटका, फुलकिडे मोजा, नसतील तर शेड्युलमध्ये आहे म्हणून मारू नका, पैसे पण वाचतील.

अजून एक, टाकीतलं कॉकटेल. कीटकनाशकात प्रोपिकोनॅझोलसारखं बुरशीनाशक मिसळायची सवय आहे आपल्याला, एका फेरीत काम होतं म्हणून. पण अॅसिटामिप्रिड हे कीटकनाशक, जे एकटं माशीला त्यामानानं सौम्य समजतात, ते याच्यासोबत प्रयोगशाळेत शंभर पटीनं जास्त विषारी ठरलंय. फुलोऱ्यात ही दोन वेगवेगळी ठेवा, मजुरी थोडी जास्त जाईल पण जाऊ द्या. औषध कुठलं घ्यायचं ते केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राला किंवा मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारा, दुकानातल्या चिठ्ठीवर नको.

बांध तणनाशकानं जाळू नका ही तर माझी हात जोडून विनंती आहे. सातेरी, फुलोरी, आग्या एवढ्याच माश्या नाहीत आपल्याकडं, कितीतरी एकट्या राहणाऱ्या माश्या जमिनीत बीळ करतात, काळा भुंगा वाळक्या लाकडात राहतो. बांधाचा एखादा तुकडा न नांगरता सोडा, कडेला करडई, कोथिंबीर, सूर्यफुलाच्या दोन ओळी टाका, शेवगा-बाभूळ असेल तर राहू द्या. उथळ ताटलीत खडे टाकून पाणी ठेवा, फेब्रुवारीनंतर आपल्याकडं पाण्याचे हाल काय असतात माहितीय सगळ्यांना.

मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणणार असाल तर पाच-दहा टक्के फूल उमललं की आणा, फार आधी आणल्या तर माश्या शेजारच्या करडईवर जातात आणि तिथंच रमतात. पेटीवाल्याचा नंबर तुमच्याकडं आणि शेजाऱ्याकडं पण असू द्या, शेजारी फवारणार असेल तर आदल्या दिवशी कळलं पाहिजे, म्हणजे रात्री माश्या आत आल्यावर दार जाळीनं बंद करून पेट्या हलवता येतात.