घरी जोडायच्या संगणकासाठी योग्य एसएमपीएस कसा निवडावा

घरी संगणक जोडायचा ठरला की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांवर कित्येक दिवस खल होतो. एसएमपीएसची निवड मात्र उरलेल्या पैशांत, दुकानदार जो पुढे करील त्यावर उरकली जाते. भिंतीतल्या 230 व्होल्टच्या विजेपासून 12, 5 आणि 3.3 व्होल्टचा डीसी पुरवठा तयार करणारा हा एकच डबा सगळ्या भागांना वीज देतो आणि तो निकृष्ट असेल, तर जळताना मदरबोर्ड किंवा हार्ड डिस्कलाही सोबत घेऊन जाऊ शकतो. म्हणून त्याचा विचार यादीच्या सुरुवातीलाच करावा.

प्रथम कागदावर बेरीज मांडावी. उदाहरणादाखल एएमडीचा रायझन 5 7600 आणि एनव्हिडियाचे आरटीएक्स 4060 ही मध्यम बजेटची जोडी घेऊ. या प्रोसेसरवर 65 वॉट हा आकडा छापलेला असला तरी प्रत्यक्षात तो 88 वॉटपर्यंत वीज घेऊ शकतो. कार्डाची मर्यादा 115 वॉट आहे. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांसाठी ढोबळमानाने 60 वॉट धरले, तर बेरीज 263 वॉट होते. तरीही एनव्हिडिया या कार्डासाठी 550 वॉटचा एसएमपीएस सुचवते. ग्राफिक्स कार्ड क्षणार्धासाठी सरासरीपेक्षा बरीच मोठी उसळी घेऊ शकते आणि सतत पूर्ण क्षमतेने राबणारा एसएमपीएस तापतो, त्याच्या पंख्याचा आवाजही वाढतो. या जोडीला चांगल्या दर्जाचा 550 वॉटचा एसएमपीएस पुरेसा आहे. पुढे मोठे कार्ड घालण्याचा बेत असेल तर 650 वॉटचा घ्यावा. एवढ्यासाठी 1000 वॉटचा घेणे म्हणजे पैसे अडकवणे होय.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे: खोक्यावरचा मोठा आकडा बाजूला ठेवून एसएमपीएसच्या अंगावरचा तक्ता वाचावा. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे ग्राहक 12 व्होल्टच्या वाहिनीवर चालतात. तक्त्यात 12 व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहून 12 ने गुणावे. 45 अँपिअर असतील तर 540 वॉट मिळतात, म्हणजे 550 वॉटचा दावा खरा आहे. पुढच्या बाजूला 500 वॉट आणि तक्त्यात 12 व्होल्टला 25 अँपिअर असे आढळले, तर हातात येतात फक्त 300 वॉट. कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसचा तक्ता तर अवश्य वाचावा, आणि तक्ताच नसेल तर तो घेऊ नये. क्षमता कोणत्या तापमानाला मोजली आहे, हेही पाहावे. चांगल्या उत्पादनांवर 40 किंवा 50 अंश सेल्सिअस असे लिहिलेले असते आणि विदर्भातल्या मे महिन्यात या फरकाला खरा अर्थ येतो.

‘80 प्लस’चे ब्राँझ, गोल्ड हे शिक्के कार्यक्षमतेचे, म्हणजे भिंतीकडून घेतलेल्या विजेपैकी किती टक्के संगणकापर्यंत पोहोचते याचे आहेत. 115 व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या भारावर ब्राँझला किमान 85 टक्के आणि गोल्डला 90 टक्के गाठावे लागतात. आपल्या 263 वॉटच्या भारावर हा फरक भिंतीकडून घेतल्या जाणाऱ्या विजेत सुमारे 17 वॉटचा पडतो. रोज चार तास वापर धरला तर वर्षाला सुमारे 25 युनिट. केवळ वीजबिलासाठी गोल्ड घ्यावा असे मला वाटत नाही. शिवाय पुरवठा किती स्थिर आहे किंवा शॉर्टसर्किट झाल्यास एसएमपीएस वेळेवर बंद पडतो की नाही, हे या शिक्क्यावरून कळत नाही. त्यासाठी शॉर्टसर्किट, अतिदाब, अतिभार आणि अतितापमान यांपासूनच्या संरक्षणांचा स्पष्ट उल्लेख, वॉरंटीची वर्षे आणि जाणकारांनी उपकरणांवर घेतलेल्या चाचण्या पाहाव्यात. पाच वर्षांची वॉरंटी देणारा ब्राँझ मला एका वर्षाच्या वॉरंटीच्या गोल्डपेक्षा अधिक भरवशाचा वाटतो.

कनेक्टर मोजण्याचे काम सोपे आहे. कार्डावरची 8 पिनची जोडणी 150 वॉटपर्यंत आणि 6 पिनची 75 वॉटपर्यंत वीज देते. लहान कॅबिनेटमध्ये नेहमीचा एटीएक्स आकार बसेलच असे नाही, म्हणून लांबी मोजूनच खरेदी करावी.

आपल्याकडे वीज अधूनमधून जाते, त्यामुळे यूपीएसचाही विचार येथेच करावा. 600 व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचे बरेच यूपीएस प्रत्यक्षात 360 वॉटच पेलतात, आणि त्यावर मॉनिटरही चालणार असतो. काही स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरींशी आधुनिक एसएमपीएसचे जुळत नाही आणि वीज जाताच संगणक बंद पडतो. शक्य असल्यास दुकानातच दोन्ही जोडून, भिंतीवरचे बटण बंद करून पाहावे. सॉकेटला अर्थिंग आहे याची खात्री वायरमनकडून करून घ्यावी.

जोडणीनंतर एसएमपीएस कधीही उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टहून अधिक दाब काही काळ टिकू शकतो. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या करता येणारा प्रकार घेतला असेल, तर उरलेल्या केबल त्याच्याच खोक्यात, मॉडेलचे नाव लिहून ठेवाव्यात. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही, वेगळी असते. दुसऱ्याची केबल नीट बसते, पण 5 व्होल्टच्या जागी 12 व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क पहिल्याच क्षणी जळू शकते.