ई-बसचं शेड्यूल लावताय? किलोमीटरच्या शेजारी मिनिटं लिहा

ड्युटी, रनिंग टाइम, डेड किलोमीटर (प्रवाशांविना धावलेलं अंतर) हे तुम्हाला कळतं, असं धरून चालतो. ठाणे किंवा नवी मुंबईच्या परिवहनात ई-बसच्या नियोजनाला नव्याने बसणाऱ्याचा घात एकच आकडा करतो: किलोमीटरमागे युनिट. तेव्हा जास्त त्याबद्दलच.

१२ मीटरच्या एसी बसला कागदावर साधारण १.२ युनिट लिहिलेलं असतं. आकडा खोटा नाही, मोकळ्या रस्त्याचा आहे. मोटर किलोमीटरवर वीज खाते, एसी मात्र तासावर खातो, गाडी सिग्नलला उभी असली तरी खातो. हिशोबासाठी मोटरचे किलोमीटरमागे ०.८ युनिट धरा. मेच्या उन्हात एसी, हवेचा कॉम्प्रेसर, स्टिअरिंगचा पंप मिळून १० किलोवॉट, म्हणजे तासाला १० युनिट. नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर ताशी २५ चा वेग मिळाला तर त्यातले किलोमीटरमागे ०.४ पडतात. एकूण १.२, कागद बरोबर. तीच गाडी संध्याकाळी ठाण्यात घोडबंदर रोडवर कापूरबावडीहून गायमुखकडे ताशी ८ ने सरकत असेल तर एसी वगैरेचेच १.२५ होतात, एकूण २.०५. बॅटरीतले वापरायचे १८० युनिट धरले तर पहिल्या रस्त्यावर १५० किलोमीटर, दुसऱ्यावर ८८. गाडी तीच, बॅटरी तीच. आणि ही मोटरची बाजू मी सौम्य धरली आहे. दर पन्नास फुटांवर थांबून पुन्हा उचलायची गाडी, ब्रेकमधून थोडी वीज परत आली तरी, ०.८ मध्ये भागत नाही.

म्हणून प्रत्येक फेरीला किलोमीटरच्या शेजारी मिनिटांचा रकाना हवाच. सकाळ, दुपार, संध्याकाळ वेगळी. जीपीएसची नोंद काढा, पण महिन्याची सरासरी घेऊ नका. पावसातल्या शुक्रवारची संध्याकाळ घ्या. डिझेलचं शेड्यूल उचलून एक्सेलमध्ये गाडीचा प्रकार तेवढा बदलणं हा शॉर्टकट सर्रास चालतो आणि पहिल्या उन्हाळ्यात उघडा पडतो. सल्लागाराच्या सादरीकरणापेक्षा स्टँडवरच्या जुन्या कंट्रोलरजवळ तासभर बसा. कुठली फेरी कधी तुटते ते त्याला तोंडपाठ असतं.

घाबरू नका, यावर उपाय आहे. एका गाडीला दिवसभर घोडबंदर देऊ नका. गर्दीच्या दोन फेऱ्या घोडबंदरच्या, बाकी मोकळ्या मार्गाच्या. बस चालवणाऱ्या ठेकेदाराला किलोमीटरमागे दर आणि हमीचे (किमान इतके देऊच असे ठरलेले) किलोमीटर असतील तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण कोंडीत अडकलेली गाडी ते किलोमीटर भरत नाही आणि न धावलेल्या किलोमीटरचेही पैसे करारानुसार काही प्रमाणात द्यावे लागतात.

दुपारच्या चार्जिंगचं पण तसंच. २४० किलोवॉटच्या दोन गनच्या (गन म्हणजे गाडीला लावायचा प्लग) चार्जरवर दोन गाड्या लावल्या की साधारण १२०-१२० वाटून जातात. ९० युनिट भरायला कागदावर २३ मिनिटं, प्रत्यक्षात ४५. शिवाय ८०-९० टक्क्यांच्या पुढे बॅटरी स्वतःच वेग कमी करते, आणि गाडी हलवून दुसरी लावायला १० मिनिटं. शेड्यूलमध्ये तासाभराची सुट्टी ठेवा. चालकाच्या जेवणाच्या वेळेशी ती जुळवली तर कुणाची तक्रार येत नाही.

रात्री उलट भीती. १० चार्जर गुणिले २४० म्हणून २४०० किलोवॉटची मागणी (एका वेळी जास्तीत जास्त ओढायची वीज) मंजूर करून घ्यायला धावू नका. ४० गाड्यांना सरासरी १५० युनिट म्हणजे ६००० युनिट. रात्री ११ ते ४ मध्ये वाटले तर १२०० किलोवॉट, वर चार्जिंगमधली तूट. पण क्रम लावणारं सॉफ्टवेअर किंवा माणूस नसेल तर साडेअकराला सगळ्या गन एकदम लागतात, मंजूर मागणी ओलांडली जाते आणि महावितरणच्या बिलात दंड येतो. पहाटे ५ ला सुटणाऱ्या गाड्या आधी, ७ वाल्या नंतर, एवढा क्रम पुरतो.

शेवटचं, टक्क्यांबद्दल. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतो, त्यामुळे टक्केवारी अंदाजावर चालते. गाडी बरेच दिवस अर्धवटच चार्ज होत राहिली तर डॅशबोर्डवर २५ दिसता दिसता एकदम १० येतात आणि गाडी रस्त्यात उभी राहते. निर्मात्याने दिलेल्या अंतराने प्रत्येक गाडी सावकाश १०० टक्के भरायची, तारीख डेपोच्या फळ्यावर गाडी क्रमांकासमोर लिहायची. त्या रात्री तिला शेवटची ड्युटी देऊ नका. लवकर आत आली तरच बॅटरीतले सगळे सेल एका पातळीवर यायला वेळ मिळतो.