इंग्रजीतलं ‘बाय’ (by) वापरताना या चुका टाळा

ऑफिसच्या मेलमध्ये हमखास दिसणारं वाक्य: ‘प्लीज सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, शुक्रवारपर्यंत रिपोर्ट द्या. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र ते ‘शुक्रवारपर्यंत पाठवतच राहा’ असं काहीतरी ऐकू येतं. गोम आपल्या ‘पर्यंत’मध्ये आहे. ‘पाचपर्यंत ये’ आणि ‘पाचपर्यंत थांब’, दोन्हीकडे आपलं एकाच शब्दावर भागतं. इंग्रजीत येण्याला ‘बाय फाइव्ह’ आणि थांबण्याला ‘टिल फाइव्ह’.

शंका आली की मराठी वाक्यात ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून बघा. ‘पाचच्या आत ये’ चालतं, म्हणून ‘बाय’. ‘पाचच्या आत थांब’ हे कानालाच खटकतं, म्हणून ‘टिल’. एवढं मात्र लक्षात ठेवा, ‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवारही धरलेला असतो. शुक्रवार नको असेल तर सरळ ‘बिफोर फ्रायडे’ लिहा. नकारार्थी वाक्यात घोळ आणखी वाढतो. ‘आय वोन्ट रीच टिल सिक्स’ म्हणजे सहा वाजेपर्यंत माझी वाट बघू नका, त्यानंतर येईन. ‘आय वोन्ट रीच बाय सिक्स’ म्हणजे सहाची वेळ काही मला गाठता येणार नाही. पुढे कधी येणार, ते यात सांगितलेलंच नाही.

दुसरा घोळ आकड्यांचा, आणि तो खिशाला लागतो. 22 सप्टेंबर 2025 पासून टूथपेस्टवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. हे ‘रिड्यूस्ड टू फाइव्ह पर्सेंट’. इथे ‘बाय फाइव्ह’ लिहिलंत तर कर 5 टक्क्यांनी घटला, म्हणजे 13 उरला, असा हिशोब होईल. ‘नी’ला ‘बाय’, ‘वर’ला ‘टू’. पगारवाढीचं पत्र वाचतानाही नजर आधी याच शब्दावर जाऊ द्या.

आता ‘ने’. बसने, चाकूने, वाऱ्याने, महिन्याने: आपला एकच प्रत्यय सगळीकडे धावतो आणि आपण प्रत्येक वेळी ‘बाय’ चिकटवतो. बसने जाणं ‘बाय बस’ खरं, पण ‘बाय माय कार’ नाही. ‘माय’ आलं की ‘इन माय कार’, स्कूटर असेल तर ‘ऑन माय स्कूटर’. पायी जाण्याला ‘बाय वॉक’ आपल्याकडे सर्रास म्हणतात; बाहेर ‘ऑन फूट’ म्हणा. चाकूने कापलं तर ‘विथ अ नाइफ’, कारण चाकू कुणाच्या तरी हातात आहे. फांदीने काच फुटली याचं ‘ब्रोकन बाय अ ब्रांच’ केलं तर फांदी आपसूक पडली. ‘विथ अ ब्रांच’ केलं तर कुणीतरी ती हाणली. विम्याच्या अर्जात हा फरक भलताच महागात पडेल. आणि ‘महिन्याने येईन’ला ‘बाय’ लागतच नाही, ‘इन अ मंथ’ म्हणायचं.

‘दहा बाय बाराची खोली’ अगदी बरोबर आहे, तिला हात लावू नका. उडप्याच्या हॉटेलातलं ‘वन बाय टू सूप’ मात्र परदेशात मागू नका, वेटर गोंधळेल. एक सूप आणि दोन रिकामे बोल मागा.