माजी विद्यार्थ्यांचे समूह प्रदर्शन कसे उभारावे

कला महाविद्यालयातून एकत्र बाहेर पडलेल्या दहा-बारा जणांनी प्रदर्शन करायचे ठरवले, की पहिली बैठक बहुधा कलादालनाच्या भाड्यावरच संपते. त्याआधी ‘माजी विद्यार्थी’ म्हणजे नेमके कोण, हे ठरवावे. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना १८५७ सालची. तिथून चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांना १९४५ मध्ये काढून टाकण्यात आले आणि दोनच वर्षांनी त्यांनी रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक कलावंतांचा गट उभा केला. त्या काळी कोणी केवळ पदविकाधारकांची यादी केली असती, तर सूझांचे नाव तिच्यात बसले नसते. म्हणून शिक्षण अर्धवट राहिलेल्यांनाही आवर्जून विचारावे.

कलादालनाचा अर्ज मात्र लवकर करावा. १९५२ मध्ये सुरू झालेल्या जहांगीर कला दालनात, काळा घोडा परिसरातल्या त्या जागेच्या लौकिकामुळे, तारखेसाठी काही वर्षे थांबावे लागते. आपापल्या शहरातल्या नगरपालिकेच्या कलादालनाची चौकशीही त्यासोबतच करून ठेवावी.

खरी कसोटी निवडीची असते. मित्र मित्राचे चित्र नाकारू शकत नाही, आणि म्हणूनच अनेक समूह प्रदर्शनांत भिंती गच्च भरलेल्या दिसतात. निवडीचे काम गटाबाहेरच्या, पण सर्वांना मान्य असलेल्या एकाच व्यक्तीकडे सोपवावे आणि प्रत्येकाने तिच्यापुढे चार-पाच कामांची छायाचित्रे मापांसह ठेवावीत. भिंतीचा हिशेब साधा आहे: साठ फूट भिंत आणि दहा चित्रकार असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा फूट येतात, आणि त्यांतले निदान तीन फूट मोकळे राहिले पाहिजेत. ही मोकळी जागा वाया जात नाही. शेजारच्या चित्राचा रंग डोळ्यांतून उतरायला तेवढे अंतर लागतेच. मांडणीशिल्प (इन्स्टॉलेशन) किंवा व्हिडिओ असेल, तर वीजजोडणी आणि अंधाऱ्या कोपऱ्याची सोय आधी विचारून घ्यावी.

तैलरंग वरून कोरडा वाटला तरी आत ओला असू शकतो, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात रंगवलेले चित्र पाठवू नये. चित्राच्या पृष्ठभागाला बबल रॅप थेट लावल्यास त्याचे ठसे उमटतात. आधी ग्लासिन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद आणि त्यावर बबल रॅप, हा क्रम पाळावा. कागदावरील कामांना आम्लमुक्त माउंट (चित्रामागचा व भोवतीचा पुठ्ठा) वापरावे, कारण साधा पुठ्ठा कालांतराने कागद पिवळा करतो. पावसाळ्यात तर बुरशीचीही भीती असते.

टांगणीच्या दिवशी खिळा ठोकण्याआधी सर्व कामे भिंतीशी जमिनीवर टेकवून ठेवावीत आणि तासभर नुसती पाहावीत. ज्येष्ठतेनुसार किंवा आडनावांच्या क्रमाने मांडू नये. कोणते चित्र कोणाशेजारी उजळते आणि कोणाशेजारी विझते, एवढेच पाहावे. शिक्षक एकच असलेल्या दोघांची कामे शेजारी आली, की रेषेतले साम्य आणि पुढे झालेली फारकत अशी दिसते, की वर्गमित्रही थबकतात. माजी विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनाचे खरे वैभव मला यातच वाटते. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर यावा आणि पाणसळ लावूनच चौकट सरळ करावी. काचेवर दिवा चमकत असेल, तर चित्र न हलवता दिव्याचा कोन बदलावा. शिल्पाभोवती प्रेक्षकाला पूर्ण फेरी मारता आली पाहिजे.

नामपट्टीवर नाव, शीर्षक, माध्यम, उंची आणि रुंदी या क्रमाने माप व वर्ष असावे. ती मराठीतही असावी.

प्रत्येक काम स्वीकारताना त्याचे छायाचित्र काढून चौकटीवरचे ओरखडे नोंदवावेत, आणि परत देताना तीच नोंद समोर ठेवून कलाकाराची सही घ्यावी.