सांधेबदलानंतर मोटारीत बसताना प्लास्टिकची पिशवी
गुडघा किंवा खुबा बदलल्यावर मोटारीत बसताना अंग वळवणे सर्वांत अवघड जाते, कारण सीटचे कापड कपड्यांना धरून ठेवते आणि सारा पीळ नव्या सांध्यावर येतो. त्यासाठी पुढची सीट पूर्ण मागे सरकवून तिच्यावर प्लास्टिकची मोठी पिशवी पसरावी. वॉकरसह पाठमोरे होऊन सीटची कड पायांना लागेपर्यंत मागे यावे, शस्त्रक्रियेचा पाय किंचित पुढे ठेवून (दाराचा आधार न घेता, ते हलते) सावकाश टेकावे आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. खुब्याच्या रुग्णासाठी सीट खोल असल्यास पिशवीखाली घट्ट उशी ठेवावी. गाडी निघण्यापूर्वी मात्र पिशवी आठवणीने काढावी, अन्यथा अचानक ब्रेक लागल्यास शरीर पट्ट्याखालून पुढे घसरू शकते.