सरासरी वेळ जुळेना, मग असा जुळवला

क्यू सिम्युलेशनमध्ये, म्हणजे रांगेची कॉम्प्युटरवर नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, मी आमच्या इकडची जिनिंगवरची कापसाच्या गाड्यांची लाईन घेतली, वजनकाटा म्हणजे सर्व्हर (एकेका गाडीचं काम उरकणारा), पण सरासरी थांबण्याचा वेळ भलताच कमी येत होता. वेळ बेरजेत पडे तो गाडी काट्यावरून उतरल्यावर अन भागाकार होई आलेल्या सगळ्या गाड्यांनी, लाईनीत राहिलेल्याही त्यात. आता प्रत्येक गाडीसोबत तीन वेळांची नोंद ठेवतो, आली कधी, काट्यावर चढली कधी, उतरली कधी. चढलीतून आली वजा केलं का थांबणं निघते. नवीन गाड्या बंद झाल्या तरी लाईन संपेपर्यंत प्रोग्रामचं चक्र (लूप) चालूच ठेवा गड्याहो, राहिलेल्या नुसत्या वगळल्या तर जास्त थांबलेल्याच गळतात. पडताळणीले लिटलचा नियम, 1961 मध्ये सिद्ध झालेला, मले लय आवडते, ताशी येणाऱ्या गाड्या गुणिले सरासरी थांबणं म्हणजे लाईनीतल्या सरासरी गाड्या: ताशी 12 गाड्या, सरासरी अर्धा तास थांबणं, तर लाईनीत सरासरी 6 दिसल्याच पाहिजेत.